अडीच पिशव्या

अकरा माणसांचा अंदाज धरला होता,
आले चौघंच.
टर्कीचं काय, सँडविचांत संपते ती सोमवारपर्यंत;
पण फ्रिजच्या तळच्या खणात
अडीच पिशव्या क्रॅनबेऱ्या,
तशाच टणक, लालबुंद,
आपल्याला कुणी खाल्लं नाही याचं काही वाटून न घेता.

बेल्मिरा ताव्हारेस, वय एकाहत्तर,
वेअरहॅमच्या त्या बुटक्या घरात
बाह्या कोपरापर्यंत सारते
आणि एकेक फळ ओट्यावर टाकून बघते.
टुणकन उडालं, चांगलं.
बसकण मारली, गेलं.

आजोबांची परीक्षा ही.
ब्राव्हा बेटावरून शिडाच्या जहाजानं आले ते
आणि चाळीस हंगाम गुडघ्यांवर चालले,
लाकडी दातांचं सूप वेलींतून ओढत,
दुसऱ्याच्या दलदलीत.
मग बापानं त्यातलीच दोन एकर घेतली.
कशी घेतली ते विचारू नकोस, म्हणते ती.
मी शेजारीण. वाडगा धरून उभी. विचारत नाही.

एक पिशवी बर्फात, न धुता.
ओली ठेवलीस तर एकमेकींना धरून बसतात,
मग ईस्टरला हातोडी लागते.
अर्धी पिशवी बरणीत, वर नुसतं गार पाणी.
साखर नाही, मीठ नाही, काही नाही.
"यांचा आंबटपणाच यांना राखतो,"
बेल्मिरा म्हणते,
आणि झाकण हातात तसंच राहतं थोडा वेळ.

उरलेली पिशवी पातेल्यात.
साखर, संत्र्याची साल, दालचिनीची कांडी,
भाच्यानं आणलेल्या उसाच्या दारूचा एक घोट
(पातेल्याला एक, तिला एक).
मग फट्, फट्, एकेकीची साल फुटते,
आत चार रिकाम्या खोल्या, पांढऱ्या.
पोकळ असतात म्हणून तर तरंगतात;
शेतात पाणी सोडलं की
सगळा हंगाम आपणहून वर येतो.

ते शेत आता नाही.
इलिदियानं तिचा वाटा विकला,
फळासाठी नव्हे, खालच्या वाळूसाठी.
ट्रक येतात, खड्डा दिवसेंदिवस खोल होतो.
धाकटी बहीण, नऊ मैलांवर घर,
आणि यंदा तिच्याकडची सातही माणसं
म्हणे सर्दीनं आजारी.
"सात जणांना एकाच गुरुवारी सर्दी,"
बेल्मिरा डाव आपटते,
"कुठंतरी पाणी मुरतंय खास."

रस आपोआप घट्ट होत जातो.
काही मिसळावं लागत नाही, नुसता वेळ द्यायचा.
बशीवर थेंब टाकून ती बोट फिरवते:
रेघ पडते, मिटत नाही.
झालं.

पाच बरण्या भरल्या.
मग दुसरं, छोटं पातेलं. मूठभर फळं बाजूला काढलेली,
मला दिसलीच नव्हती.
यात संत्रं, साखर. दालचिनी नाही.
कुणाला चालत नाही दालचिनी?
"विसरले घालायला," ती म्हणते
आणि कांडी माझ्यासमोर डब्यात परत ठेवते.

सहावी बरणी. झाकणावर तारीख,
नाव नाही.

मार्चमध्ये मी पुन्हा गेले, तिची शेगडी सरकवायला.
बर्फातली पिशवी संपली होती.
पाण्यातल्या बेऱ्या जराशा फिकट, पण शाबूत.
फळीवर एकच बरणी, तीच.

शेगडीखाली, भिंतीलगत, धुळीत
एक क्रॅनबेरी सापडली,
परीक्षेच्या दिवशी उडी मारून पळालेली.
सुरकुतलेली, काळसर, मनुकेएवढी.
बेल्मिरानं पदराला, म्हणजे एप्रनला, पुसली
आणि सवयीनं ओट्यावर टाकली.

उडाली नाही.
पण सडलीही नव्हती.

ती बघत राहिली.
मग म्हणाली, "तुझी गाडी आहे ना बाहेर?"